दोघांची खोली, पाचांचे कुटुंब

मे महिना जवळ येऊ लागला की परप्रांती नोकरीस असलेल्या मराठी घरांत एका विशिष्ट प्रकारच्या निरोपांची ये-जा सुरू होते. डेहराडूनला बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याला साताऱ्याची आत्या विचारते, "अरे, तू तिथे आहेस तोवर एकदा मसुरी दाखव." शिलाँगला असलेल्याच्या घरी नागपूरहून सासूबाई आणि दोन भाचरे येऊ घालतात. ज्याची बदली झाली त्याला ती बढती वाटो की शिक्षा, त्याच्या नातेवाइकांना मात्र ती देश पाहण्याची एक खिडकी वाटते. आणि तसे वाटण्यात गैर काहीच नाही. उलट, दूरदेशी एकाकी पडलेल्या घराला या पाहुण्यांमुळे चार दिवस आपल्या भाषेचा आवाज ऐकू येतो. परंतु या आनंदाच्या बेतात एक लहानसा प्रश्न हटकून उभा राहतो. खोली दोघांची, फार तर तिघांची असते. आणि जाणारी माणसे पाच, सहा, कधी सात असतात. मग घरातले कोणीतरी तोड काढते, "अर्जात दोघांचीच नावे घाला. रात्री गाद्या जमिनीवर टाकल्या की झाले. कोण मोजायला येतो?"

"कोण मोजायला येतो?" या एका वाक्याचा थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते. विषय क्षुल्लक आहे, हे आम्ही जाणतो. जगात मोठमोठे अन्याय चालले असता एका खोलीत दोनाऐवजी पाच माणसे झोपली, यावर नीतीची चर्चा करणे हा कित्येकांना शब्दांचा अपव्यय वाटेल. तथापि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा दिवस दुसऱ्यांच्या मर्यादा मोजण्यातच जातो. कोणी हिशेबतपासनीस आहेत. मंजूर रकमेपेक्षा खर्च अधिक दिसला की ते लाल शाईने आक्षेप नोंदवितात. कोणी रेल्वेत आहेत, कोणी सीमाशुल्क विभागात, कोणी बांधकाम खात्यात. मर्यादा म्हणजे काय, ती का घालतात आणि एकाने ओलांडली की दुसऱ्याला ती कशी जाचक वाटू लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच, कचेरीत जो मनुष्य नियमाच्या बाजूला उभा असतो तो सुटीच्या दिवशी नियमाच्या समोर येतो तेव्हा काय करतो, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

प्रथम, जादा माणसे नेणाऱ्याची बाजू जितकी बळकट करून मांडता येईल तितकी मांडणे न्याय्य होईल. आपल्या समाजाने दाटीला कधी दोष मानलेले नाही. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. परंतु तीत आठ-दहा माणसांचे संसार झाले, गावाहून शिकायला आलेला पुतण्या तीतच मोठा झाला, आणि गणपतीला आलेले पाहुणेही तीतच मावले. आषाढीला पंढरपुरात ओटी, माळवद, अंगण, जिथे पाठ टेकेल तिथे माणूस झोपतो, आणि घरधनी त्याला जागा दिल्याचे पुण्य मानतो. अहल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळे आणि धर्मशाळा उभारल्या, त्या माणशी हिशेब ठेवून पैसे घेण्यासाठी नव्हे. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला 'या खोलीत फक्त दोन प्रौढ' ही पाटी तुटक आणि परकी वाटली, तर त्याला संकुचित म्हणता येणार नाही. त्याला वाटते, आम्ही अंग चोरून झोपू. आमच्या दाटीचा त्रास आम्हांलाच. मग इतरांना त्याचे काय?

या भावनेला आम्ही मान देतो. परंतु तिच्यातच एक फरक दडलेला आहे, तो नीट पाहिला पाहिजे. चाळीतील खोलीत पुतण्या राहिला, तेव्हा त्याच्यासाठी आपले अंग चोरणारे लोक ते घर चालविणारेच होते. पाणी त्यांनीच भरले, भात त्यांनीच वाढविला. पंढरपूरचा घरधनी आपली ओटी आपण होऊन देतो. त्याच्या ओटीवर किती माणसे निजली आहेत हे त्याला दिसत असते. तिथे देणारा आणि सोसणारा एकच आहे, आणि त्याला सर्व माहीत आहे. भाड्याच्या खोलीत तसे नसते. तिथे आपण औदार्य दाखवितो, आणि त्याचा भार ज्याच्यावर पडतो त्याला ते कळू देत नाही. दुसऱ्याच्या जागेत, त्याच्या नकळत, आपल्या माणसांवर केलेल्या उपकाराला आतिथ्य म्हणावे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

यावर पहिले उत्तर असे येते की, "खोलीचे भाडे आम्ही दिले, आत किती माणसे झोपली हा आमचा प्रश्न." हे उत्तर खोली म्हणजे चार भिंती असे समजून दिलेले आहे. वस्तुतः आपण भाड्याने घेतो तो पाणी, जिना, मोरी, वीज आणि माणसांचे श्रम यांचा एक वाटा. हॉटेलसाठी पाण्याची योजना आखताना आपल्याकडील मानकांत साधारणपणे खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरलेले असते. खाटा दोन आणि माणसे पाच झाली की टाकीचे गणित चुकते. आणि ते आपल्या खोलीत न चुकता वरच्या मजल्यावरील अशा एखाद्या कुटुंबाच्या खोलीत चुकते, ज्याने आपली माणसे मोजून सांगितली आहेत. मैलापाण्याच्या टाकीचेही तसेच आहे. थंड हवेच्या डोंगरी गावांत तर या हिशेबाला फारच थोडी सवड असते. शिमल्याला पाणी खालच्या खोऱ्यांतून पंपाने वर चढवावे लागते. २०१८ सालच्या मे अखेरीस तिथे अशी टंचाई पडली की नागरिकांना टँकरपुढे रांगा लावाव्या लागल्या, आणि पर्यटकांनी तूर्त इकडे येऊ नये असे स्थानिक लोकच सांगू लागले. ज्या गावाने आपल्याला चार दिवसांची थंड हवा दिली, त्या गावाच्या घागरीत आपण किती हात घातला, हे आपल्या खोलीच्या खिडकीतून दिसत नाही.

जिन्याचाही असाच हिशेब असतो. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी इमारतीसाठी साधारणतः साडेबारा चौरस मीटरला एक माणूस असे प्रमाण धरून आत किती लोक असतील याचा अंदाज करतात, आणि त्यावरून बाहेर पडण्याच्या वाटा व जिने किती रुंद असावेत हे ठरते. हा आकडा संपूर्ण इमारतीच्या क्षेत्रफळाचा आहे. एका खोलीत किती माणसांनी झोपावे याचा नव्हे. या मापाने पाहिले तर चाळीतील त्या १६० चौरस फुटांना जेमतेम एकच माणूस येतो, आणि वाचकांना हसू येईल. हसू यावे, परंतु आग लागली असता त्या हिशेबाचे महत्त्व कळते. उद्वाहनातील पाटीवर '१३ व्यक्ती, ८८४ किलो' असे लिहिलेले आपण रोज वाचतो. माणशी ६८ किलो धरून तो आकडा येतो. त्यात चौदावा माणूस शिरला म्हणून उद्वाहन तत्काळ कोसळत नाही. प्रत्येक मर्यादेच्या पलीकडे थोडी सवड ठेवलेली असते. परंतु ती सवड अकस्मात येणाऱ्या संकटासाठी राखलेली असते. आपण सहलीच्या बेतातच ती खर्चून टाकली, तर संकटाच्या वेळी ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

केरळात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी सहलीची नौका उलटून २२ माणसे बुडाली. तीत तिच्या शक्तीबाहेर माणसे घेतलेली होती. नौका आणि खोली एक नव्हेत, हे खरे. नौकेतील जादा माणसांचे फळ काही मिनिटांत दिसते, खोलीतील बहुधा कधीच दिसत नाही. आणि म्हणूनच खोलीच्या बाबतीत आपण निर्धास्त असतो. हजार रात्री काही न घडल्यामुळे नियम व्यर्थ होता असे आपण अनुमान काढतो. हिशेबतपासनीसाने असे अनुमान कचेरीत काढले, तर त्याचे वरिष्ठ ते मान्य करतील काय?

मोजण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेचे प्रकरण आहे. त्यात गृहस्थाने आपल्या घरी आलेल्या आणि घरून गेलेल्या परक्या माणसांची वर्दी द्यावी, आणि धर्मशाळा चालविणाऱ्यानेही उतारूंची खबर द्यावी, असे सांगितले आहे. त्या काळी ही नोंद मुख्यत्वे हेर आणि चोर यांच्यासाठी असेल. आज तिचा एक वेगळा, अधिक मायेचा अर्थ आपल्याला कळला आहे. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोल बागेतील एका हॉटेलला आग लागून १७ माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी बंबवाला नोंदवही मागतो, ती कोणत्या खोलीत किती माणसे आहेत हे पाहण्यासाठी. खोलीत दोन माणसे नोंदलेली असतील आणि दोन सापडली, तर तो पुढच्या दाराकडे धावतो. तिसऱ्याला शोधायचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जून २०१३ मध्ये केदारनाथला जो प्रलय झाला, त्यानंतर कित्येक महिने नेमके किती यात्रेकरू तिथे होते हेच ठरविता येईना. हजारो घरांतून माणसांची वाट पाहिली गेली, आणि ती माणसे कोणत्याच वहीत नव्हती. २०१४ पासून चारधाम यात्रेकरूंची नोंदणी सुरू झाली, ती या अनुभवातून. "कोण मोजायला येतो?" असे आपण हसत म्हणतो, परंतु न मोजला जाणारा माणूस संकटात न शोधला जाणारा माणूस होतो, आणि तो माणूस आपली आत्या असते, आपला भाचा असतो.

आता दुसरे उत्तर. "हे सर्व आगीचे आणि पाण्याचे ठीक आहे, परंतु बहुतेक ठिकाणी मर्यादा घातलेली असते ती केवळ दुसरी खोली खपविण्यासाठी." यात तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मर्यादा दोन जातींच्या असतात. काही जिवाच्या असतात, काही दराच्या. एखाद्या प्रशस्त खोलीत तीन गाद्या सहज पडतील अशी जागा असते, आणि तरीही मालक तिसऱ्या माणसाचे वेगळे पैसे मागतो. ती दराची मर्यादा होय. परंतु समोरची मर्यादा कोणत्या जातीची आहे, हे पाहुण्याला बाहेरून कळत नाही. मैलापाण्याची टाकी त्याने पाहिलेली नसते, मागचा जिना कुलूपबंद आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते. जे आपल्याला कळत नाही, त्याचा निकाल आपण आपल्याच सोयीने लावावा, हे न्यायाच्या कोणत्याही पद्धतीत बसत नाही. आणि ती निव्वळ दराची मर्यादा असली तरी काय? दर अधिक वाटला तर घासाघीस करता येते, दुसरीकडे जाता येते, एक दिवस कमी राहता येते. खोटी संख्या सांगणे ही घासाघीस नव्हे. भाजीवालीशी भावावरून वाद घालणे वेगळे, आणि तिची पाठ वळताच पिशवीत दोन वांगी जादा टाकणे वेगळे.

येथे सत्य-असत्याचा प्रश्न येतो. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यातील कर्मजिज्ञासा या प्रकरणात सत्यालाही अपवाद असतात की काय, याची विस्तृत चर्चा केली आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली याच प्रश्नावर एक निबंध लिहिला, आणि मारेकरी दारात येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरीही खोटे बोलू नये, असे कठोर मत दिले. टिळकांना हा कठोरपणा मान्य होण्यासारखा नव्हता, आणि आपल्यापैकी बहुतेकांनाही तो मान्य होणार नाही. परंतु या थोर वादाचा आधार हॉटेलच्या गल्ल्यापुढे घेता येत नाही. समोर बसलेला कारकून काही मारेकरी नव्हे. तो फक्त 'आपण कितीजण?' असे विचारतो, आणि आपले उत्तर खरे धरून पुढची व्यवस्था करतो. अपवाद प्राणसंकटासाठी असतात. जादा गादीचे पैसे वाचविण्यासाठी नव्हेत.

कोणी म्हणेल, आम्ही खोटे बोललोच नाही. अर्जात दोन नावे होती, ती दोन्ही खरी होती. महाभारतात युधिष्ठिराने द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याविषयी जे सांगितले, त्यातील प्रत्येक शब्दाचा असाच बचाव करता आला असता. तरीही, आजवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, असे व्यासांनी लिहिले आहे. शब्द खरे होते की नाही यावर ती गोष्ट थांबत नाही. ऐकणाऱ्याने त्यावरून काय समजावे अशी आपली इच्छा होती, हे ती विचारते.

परंतु या खोट्याने सर्वांत अधिक दुखावला जातो तो मालक नव्हे, असे आम्हांस वाटते. ज्या माणसांसाठी हा खटाटोप केला, त्यांचेच काय होते ते पाहावे. दोघे पुढे जाऊन किल्ली घेतात. उरलेली मंडळी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी उभी राहतात. मग निरोप येतो, "आता या, पण एकदम येऊ नका." सत्तरीची आत्या, जिने या अधिकाऱ्याला लहानपणी कडेवर घेऊन शाळेत पोचविले, ती मागच्या जिन्याने, पदर सावरीत, कोणी पाहत नाही ना असे बघत वर चढते. तिला कोणी दरडावीत नाही. पण आपण इथे नको असलेले माणूस आहोत, हे तिला त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कळत असते. सकाळी न्याहारीला सर्वांनी मिळून जाता येत नाही. मुलांना सांगितलेले असते, "मोठ्याने बोलू नका; कोणी विचारले तर आम्ही भेटायला आलो आहोत असे सांगा." मुले हे शब्द सहज उचलतात. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. त्या सवलतीपायी कित्येक मुले तिकीट तपासनीस येताच सहाची चार वर्षांची होतात. आपले खरे वय आईवडिलांना अडचणीचे वाटते, हे त्या मुलाला समजते. सुटीत आपण मुलांना डोंगर दाखवितो आणि त्याबरोबर हेही दाखवितो. दोहोंपैकी काय अधिक काळ लक्षात राहील, हे सांगता येत नाही.

आतापर्यंत आम्ही खाजगी हॉटेलांविषयी बोललो. आमच्या वाचकांना अधिक लागू पडणारा प्रकार याहून वेगळा आहे. सरकारी अधिकारी पुष्कळदा हॉटेलात उतरतच नाही. तो खात्याच्या विश्रामगृहात, सर्किट हाउसमध्ये किंवा संपदा संचालनालयाच्या हॉलिडे होममध्ये उतरतो. तिथे त्याला कोणाला मागच्या जिन्याने चढवावे लागत नाही. दोघांच्या नावावरील खोलीपुढे मोटार थांबते, आणि तीतून सहा माणसे उतरतात. चौकीदार पाहतो. तो नमस्कार करतो, सामान उचलतो, आणि न सांगता आणखी दोन गाद्या आणून टाकतो. साहेब म्हणतात, "काही अडचण नाही ना?" तो म्हणतो, "नाही साहेब, आपलीच जागा आहे." आणि साहेबांना वाटते की आपण विचारले, त्याने हो म्हटले, आणि सर्व काही उघडपणे झाले.

लपवाछपवी येथे नाही, हे खरे. परंतु आमच्या मते हा प्रकार लपवाछपवीहून बरा नाही. कारण ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'हो'ला संमती म्हणत नाहीत. चौकीदाराची पुढची बदली, त्याच्या मुलाच्या रोजंदारीचा कागद, त्याच्याविषयीचा एखादा चांगला-वाईट शब्द, हे सर्व त्या प्रश्नाच्या मागे उभे असते. साहेबांच्या मनात तसे काही नसेल. चौकीदाराच्या मनात ते असतेच. सहा माणसांचे गरम पाणी त्याने पहाटे चारला उठून तापवायचे, जादा चादरी त्याने धुवायच्या. आणि नोंदवही व चादरींचा हिशेब जुळला नाही, तर जाबही त्यालाच विचारला जायचा. साहेब तोवर दुसऱ्या प्रांतात बदलून गेलेले असतात. खाजगी हॉटेलात जादा माणसे नेणारा मनुष्य निदान पकडले जाण्याचा धोका तरी पत्करतो. अधिकाराच्या जोरावर मर्यादा ओलांडणारा तोही पत्करीत नाही. आपला भार तो अशा माणसावर टाकतो, ज्याने तक्रार करायची नाही हे आधीच ठरलेले आहे.

यावरून आमचे मत असे बनते की, एका खोलीत दोनाऐवजी पाच माणसे झोपणे हा स्वतः काही गुन्हा नव्हे. ज्याची जागा आहे, त्याला खरी संख्या माहीत असून, आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक असून, त्याने 'हो' म्हटले, तर तीच दाटी निर्दोष होते. पंढरपूरच्या ओटीसारखी होते. या दोहोंपैकी एक गोष्ट नसली की ती दोषास्पद होते. हॉटेलात बहुधा पहिली नसते. विश्रामगृहात बहुधा दुसरी नसते. जिवाच्या मर्यादेला मात्र कोणाचीच संमती पुरी पडत नाही, कारण शेजारच्या खोलीतील झोपलेल्या माणसाची संमती कोणी घेतलेली नसते.

येथे नियम करणाऱ्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण आमच्या वाचकांत तेही आहेत. दोन खाटांची खोली ही एका विशिष्ट कुटुंबाची कल्पना मनात धरून आखलेली असते, आणि ते कुटुंब नेहमी आपले नसते. केंद्र सरकारच्या नोकरांना रजेतील प्रवासाची सवलत १९५६ साली सुरू झाली. आजच्या नियमांतील 'कुटुंब' या शब्दात पती वा पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील आणि काही अटींवर भावंडे येतात. आत्या, मावशी, काकू त्यात येत नाहीत. सरकारी तिजोरीला कुठेतरी रेषा ओढावीच लागते, हे आम्ही मान्य करतो. परंतु परिणाम असा होतो की, जिने वाढविले ती आत्या प्रवासाच्या बिलातही नसते आणि खोलीच्या नोंदवहीतही नसते. बिलात तिचे नाव घालण्याचे धाडस कोणी करीत नाही, कारण तिथे लेखापरीक्षक बसलेला आहे. आणि नोंदवहीत ते घालण्याचे टाळतात, कारण तिथे कोणीच बसलेला नाही.

म्हणून जे विश्रामगृहे बांधतात, त्यांनी काही खोल्या मोठ्या कुटुंबाच्या ठेवाव्यात. जे नियम लिहितात, त्यांनी मर्यादेचे कारण पाटीवर लिहावे. 'दोनपेक्षा अधिक व्यक्तींना मनाई' यापेक्षा 'या इमारतीत पाणी इतक्याच माणसांचे आहे' हे वाक्य अधिक माणसे पाळतील. जिवाच्या मर्यादा आणि दराच्या मर्यादा एकाच कठोर भाषेत लिहिल्या की लोक दोन्हींना दराच्या समजू लागतात, आणि त्याचा दोष केवळ लोकांना देता येत नाही. चौकीदाराला जादा माणसे नाकारण्याचा, निदान त्यांची नोंद करण्याचा, स्पष्ट अधिकार आणि त्या अधिकाराला वरून पाठबळ असावे. ज्याच्या खिशात खरोखर दुसऱ्या खोलीचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी धर्मशाळांची जुनी सोय टिकावी आणि वाढावी. तशा गरीब यात्रेकरूने एका खोलीत सातजण दाटीने निजविले, तर त्याला आम्ही कठोर शब्द वापरणार नाही. आमचे म्हणणे त्यांना आहे, ज्यांना दुसरी खोली परवडते, आणि ज्यांना केवळ 'कशाला उगाच' असे वाटते.

तेव्हा येत्या सुटीत आत्याला मसुरी अवश्य दाखवावी, भाचरांनाही न्यावे. अर्जात मात्र पाच माणसे असतील तर पाच लिहावीत, आणि मुलांची वये खरी लिहावीत. एका खोलीत जमेल का, असे आधी विचारावे. पुष्कळ ठिकाणी थोड्या पैशांत जादा गादी मिळते, असाच आपला अनुभव असेल. नाही म्हणाले तर दुसरी खोली घ्यावी. ती परवडत नसेल तर चार दिवसांऐवजी तीन दिवस राहावे. विश्रामगृहात जायचे असेल तर खरी संख्या चौकीदाराला न विचारता आरक्षण देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळवावी, आणि उत्तराची वाट पाहावी. एवढे केले म्हणजे आत्याला पुढच्या दाराने, सर्वांच्या बरोबर, आपल्या नावाने नोंदवहीत सही करून आत जाता येईल. इतक्या लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला निदान एवढा मान मिळावा.